संग्रहित छायाचित्र

रात्री साडेदहानंतर आमच्या डेस्कवर एकच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो: "फोटो आहे का?" बातमी आलेली असते, मथळा बसलेला असतो, पान सोडायची वेळ होत आलेली असते आणि मधोमध दोन कॉलमांची जागा मोकळी पडलेली असते. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक बातमीला छायाचित्रकार धाडणं कोणत्याच दैनिकाला परवडत नाही. बातमी राजापूरच्या आतल्या वाडीची असते, पाठवणारा वार्ताहर दिवसभर शाळेत शिकवून संध्याकाळी बातमी लिहिणारा असतो. मग कॉम्प्युटरवरचं जुन्या फोटोंचं फोल्डर उघडायचं, बातमीला जवळचं वाटेल असं काहीतरी शोधायचं, खाली बारीक टाइपात 'संग्रहित छायाचित्र' असं घालायचं आणि पान सोडायचं. हे काम मी बरीच वर्षं केलं आहे, अजूनही करते.

मजकुरावर आमच्याकडे किती नजरा फिरतात ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. वार्ताहर लिहितो, उपसंपादक कापतो, मुद्रितशोधक वाचतो, पान लावणारा जाता जाता एखादी वेलांटी पकडतो. आरोपीचं नाव चुकू नये, 'संशयित' हा शब्द राहून जाऊ नये म्हणून फोनाफोनी होते. फोटोच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तो उजेडात आहे का, जागेत बसतो का, छपाईत काळा पडणार नाही ना, एवढंच पाहिलं जातं. आणि वाचक पेपर उघडतो तेव्हा सगळ्यांत आधी पाहतो तो फोटोच. ज्याला वाचता येत नाही, किंवा ज्याला आपली भाषा येत नाही, तो तर फक्त फोटोच पाहतो. वर्तमानपत्रातल्या चित्रांवरून जे क्षोभ उसळले, त्यांतले मला माहीत असलेले बहुतेक इथूनच सुरू झालेले आहेत. चित्र अशा माणसांपर्यंत पोचलं, ज्यांच्यासाठी ते छापलंच नव्हतं.

२०१५च्या जानेवारीत हे मला पहिल्यांदा नीट समजलं. ७ जानेवारीला पॅरिसमध्ये 'शार्ली एब्दो' या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला करून बारा जणांना मारलं गेलं. पुढच्या आठवड्यात त्या साप्ताहिकाचा नवा अंक निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावर पुन्हा पैगंबरांचं चित्र होतं. जगभरच्या संपादकांपुढे तेव्हा एकच पेच होता. बातमी तर त्या मुखपृष्ठाचीच, मग ते दाखवायचं की नाही? आमच्या डेस्कवर तो पाच मिनिटांत सुटला. आम्ही पॅरिसच्या मोर्चाचा फोटो लावला. 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत मात्र १७ जानेवारीच्या अंकात बातमीसोबत ते मुखपृष्ठ छापलं गेलं. संपादक होत्या शिरीन दळवी. मुंबईच्या उर्दू दैनिकांत तेव्हा संपादकाच्या खुर्चीवर बसलेली स्त्री म्हणजे त्याच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या पानावर माफी छापली. ती पुरली नाही. मुंबई, ठाणे, मालेगाव अशा ठिकठिकाणी तक्रारी दाखल झाल्या, निदर्शनं झाली. २८ जानेवारीला मुंब्र्यात पोलिसांनी त्यांना अटक केली. जामीन मिळाला, पण घरी जाता येईना. आयुष्यात कधी बुरखा न घेतलेली ही बाई ओळखू येऊ नये म्हणून बुरखा घेऊन वावरू लागली. दैनिकाची मुंबई आवृत्ती बंद पडली आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांची नोकरीही गेली.

आमच्या डेस्कवर तेव्हा रत्नागिरीतल्या राजिवड्याचे एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मुंबईचे उर्दू पेपर ते एक दिवस शिळे का होईना, पण रोज वाचत. घरी बोलायचे आमच्यासारखीच कोकणी, शाळा उर्दू माध्यमाची झालेली, नोकरी मराठी दैनिकात. रत्नागिरी, संगमेश्वर, राजापूरकडच्या कितीतरी घरांची एक खोली मुंब्रा-कौशात असते, तशी त्यांच्या बहिणीचीही होती. तिथून त्यांना रोज फोन यायचे. एका रात्री पान सुटल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "चाचा, तुम्हाला स्वतःला काय वाटलं?"

ते बराच वेळ पेपराची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "बाळा, लागलं. पॅरिसमध्ये छापलं तेव्हा इतकं नव्हतं लागलं. हा आमच्या घरात येणारा पेपर. आई सकाळी पहिल्यांदा हाच उघडते." थोड्या वेळाने म्हणाले, "पण त्या बाईने माफी मागितली ना? एका वाक्यात नव्हे, पहिल्या पानावर. मग आता तिला गावोगावच्या पोलीस स्टेशनात फिरवून आमच्या आईचं काय भलं व्हायचं आहे?"

त्यांच्या बोलण्यातल्या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरून ठेवल्या आहेत, कारण असा विषय निघाला की बोलणारे यांतली एकच उचलतात. कोणी म्हणतं भावना दुखावणं हे सगळं ढोंग असतं, राजकारण असतं. चाचांच्या आईला लागलं ते ढोंग नव्हतं. आणि कोणी म्हणतं, एकदा लागलं म्हटल्यावर पुढे जे होईल त्याला छापणारा जबाबदार. हेही मला मान्य नाही.

मोठ्या भाषेचं दैनिक सगळ्यांचं असतं आणि म्हणून कोणाचंच नसतं. परमुलखात राहणाऱ्या किंवा संख्येने थोड्या असलेल्या लोकांचं त्यांच्या भाषेतलं दैनिक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात निधनवार्ता ओळखीच्यांच्या असतात, निकाहाच्या, पारशी मुलांच्या नवजोताच्या बातम्या असतात, गावाकडून आलेल्या बोटीची, गाडीची वेळ असते. वाचक त्याला घरातलं माणूस समजतो. म्हणूनच त्याच्यावरचा राग नातेवाइकावरच्या रागासारखा चटकन विझत नाही.

याच मुंबईत 'अवधनामा' प्रकरणाच्या एकशे चौसष्ट वर्षं आधी असंच घडून गेलं होतं हे मला नंतर कळलं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. 'अवधनामा'च्या बातम्या चालू असताना सुट्टीच्या दिवशी मी तिथे जाऊन वृत्तपत्रांच्या इतिहासावरची पुस्तकं काढून बसायची. त्यांतून हा धागा मिळाला.

गुजराती ही मुंबईत बाहेरून आलेली भाषा. सुरत, भरूच, नवसारीकडून पारशी, बोहरे, बनिये आले आणि भाषा सोबत आली. फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली मुंबईत छापखाना काढला आणि १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू केला. तो आजही चालू आहे. त्या मागोमाग गुजराती नियतकालिकांची रांगच लागली. शिळाछाप स्वस्त झाला होता, अक्षरं आणि चित्रं एकाच दगडावरून उमटवता येत होती, म्हणून सचित्र पत्रं निघू लागली. 'चित्रज्ञान दर्पण' हे त्यांतलं एक. संपादक बेहरामजी खुर्शेदजी गांधी, पारशी गृहस्थ. १८५१च्या ऑक्टोबरात या पत्रात इस्लामच्या पैगंबरांविषयी लेख आला आणि सोबत त्यांचं चित्र आलं.

पैगंबरांचं चित्र काढणंच बहुतेक मुसलमानांना मान्य नाही. त्यात दगडावरून छापताना शाई पसरली आणि चित्रातला एक डोळा बिघडला, अशी नोंद आहे. छपाईतला दोष. रोज पानं पाहणाऱ्या माणसाला हे वाचून पोटात गोळा येतो, कारण शाई कुठे पसरेल हे छापणाऱ्याच्या हातात नसतं आणि पाहणाऱ्याला ती हेतूने पसरलेली वाटते. त्यानंतर कोणीतरी त्या अंकाची प्रत जुम्मा मशिदीच्या भिंतीवर चिकटवली. १७ ऑक्टोबरला, शुक्रवारी, नमाजानंतर लोक बाहेर पडले आणि पारशी वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं, दुकानं लुटली गेली, माणसं मारली, झोडली गेली.

त्या जमावातल्या बहुतेकांनी तो अंक वाचलेला असणं शक्य नाही. पत्र पारशी वाचकांपुरतं. विकत घेणारे थोडे. ते भिंतीवर लावणाऱ्याने एका क्षणात त्याला असा वाचकवर्ग मिळवून दिला, जो त्याला कधीच मिळाला नसता. लेखात काय लिहिलं होतं, चांगलं की वाईट, कोणत्या पुस्तकावरून, हे सगळं त्या भिंतीपाशी गळून पडलं. उरलं फक्त बिघडलेल्या डोळ्याचं चित्र. तो चिकटवणारा हात कोणाचा होता ते कधीच समजलं नाही. संपादकाचं नाव मात्र आजही पुस्तकांत आहे.

दंगलीनंतर महिन्याच्या आत, १५ नोव्हेंबर १८५१ रोजी, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या दादाभाई नौरोजींनी 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पाक्षिक सुरू केलं. पैसा खुर्शेदजी कामांचा होता. मार खाल्लेल्या समाजाची बाजू मांडायची आणि त्याच वेळी त्या समाजाला सुधारणेच्या वाटेवर न्यायचं, असं दोन्ही त्यांना करायचं होतं. पहिले अंक फुकट वाटले गेले. चित्रावरून पेटलेल्या दंग्याला एका तरुण मास्तराने दिलेलं उत्तर म्हणजे नवं वर्तमानपत्र. हे वाचलं तेव्हा वाचनालयातल्या त्या टेबलाशी मला फार बरं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

१८५१ साली जमाव होता, पण असा गुन्हा धरणारा कायदा नव्हता. आज दोन्ही आहेत. भारतीय दंड संहितेत २९५-अ हे कलम १९२७ साली घातलं गेलं. आता ते भारतीय न्याय संहितेत २९९व्या क्रमांकावर आहे. त्यात अट अशी, की धार्मिक भावना दुखावण्याचा हेतू जाणूनबुजून आणि दुष्टबुद्धीचा असला पाहिजे. १९५७ साली रामजी लाल मोदी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम घटनेला धरून असल्याचं सांगितलं, पण निष्काळजीपणाने किंवा नकळत झालेला अपमान या कलमात बसत नाही हेही स्पष्ट केलं. हे मोदी स्वतः 'गोरक्षक' नावाच्या मासिकाचे संपादक, मुद्रक, प्रकाशक होते. म्हणजे कायदा हेतू विचारतो. अडचण एवढीच, की तो हेतू तपासला जायच्या आधी अटक होते, जामिनासाठी धावाधाव होते, नोकरी जाते, घर सुटतं. निर्दोष ठरण्याची वाट पाहण्यातच शिक्षा भोगून होते. शिरीन दळवींच्या बाबतीत मला सगळ्यांत जास्त सलतं ते हे.

प्रत्येक दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते. मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता, आणि बातम्यांच्या निवडीची जबाबदारी वृत्तपत्र आणि पुस्तक नोंदणी (पीआरबी) कायद्यानुसार कोणाची. तो कायदा १८६७चा. त्याची जागा आता २०२३च्या नव्या कायद्याने घेतली, तरी छापणाऱ्याचं नाव अंकावर हवंच. मला ती ओळ आवडते. आपण जे लोकांच्या दारात टाकतो त्याखाली नाव असलंच पाहिजे. पण त्या नावाचा उपयोग बोलणी करण्यासाठी होतो की शिकारीसाठी, यावर त्या गावातल्या वर्तमानपत्राचं आयुष्य ठरतं.

'अवधनामा' प्रकरणाच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर २०१५ला, 'लोकमत'च्या रविवार पुरवणीत आयसिसच्या पैशाविषयी लेख होता आणि त्यासोबतच्या चित्रात पैसे साठवायच्या डुकराच्या गल्ल्यावर आयसिसच्या झेंड्यावरची अक्षरं होती. संघटनेवर टीका करायला गेलेल्या चित्रात कलमा म्हणजे इस्लामच्या श्रद्धावचनाच्या शब्दांशी डुक्कर जोडला गेला. जळगाव, धुळे, मालेगावकडे लोक रस्त्यावर आले, कार्यालयांवर हल्ले झाले, दैनिकाने माफी मागितली. पुढच्या सप्टेंबरात, २०१६ साली, शिवसेनेच्या 'सामना' या दैनिकाच्या 'उत्सव' पुरवणीत मराठा मूक मोर्चावरचं व्यंगचित्र आलं. आपल्या आयाबहिणी ज्या मोर्चात हजारोंनी गप्पपणे चालल्या, त्याची अशी थट्टा व्हावी याचं दुःख आमच्या कोकणातही घराघरांत होतं. दोन दिवसांनी ठाण्यात आणि नवी मुंबईत दैनिकाच्या जागांवर हल्ले झाले. व्यंगचित्रकाराने आणि पक्षप्रमुखांनी दिलगिरी व्यक्त केली. इथे धर्म नव्हता, परकी भाषा नव्हती, तरी गोष्ट त्याच वळणाने गेली. म्हणून ज्यांना वाटतं की चित्रावरून पेटणं हा एकाच समाजाचा स्वभाव आहे, त्यांना मी हे साल आणि हा महिना सांगते.

आता आमच्याकडचं सांगते. ते कोणत्याही इतिहासात जाणार नाही.

रत्नागिरीत परप्रांतीय म्हटलं की आज पहिला डोळ्यांपुढे येतो तो नेपाळी. आंब्याच्या बागांची राखण नेपाळी करतो. मोहोर यायच्या आधी बायकापोरांसकट येतो, बागेतल्या पत्र्याच्या खोपटात राहतो, माकडं हाकतो, फवारणीचं पाणी चढवतो, मे संपला की परत जातो. मिरकरवाडा बंदरातल्या नौकांवर खलाशी म्हणूनही तोच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ऑगस्ट लागायच्या सुमारास एस.टी. स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर पाठीला पिशव्या लावलेली ही मुलं दिसू लागली की आमचा दर वर्षीचा फोटो ठरलेला: 'हंगामासाठी खलाशी दाखल'.

असाच एका ऑगस्टच्या तोंडावर जेटीवर काढलेला फोटो आमच्या फोल्डरमध्ये होता. तिघेजण जाळी तुणत बसलेले, मधला कॅमेऱ्याकडे बघून हसणारा, डोक्याला लाल रुमाल. सुंदर फोटो होता. काही महिन्यांनी एका बागेतल्या चोरीची बातमी आली. संशयित नेपाळी कामगार होते, पोलिसांनी ताब्यात घेतले होते. त्या रात्री पाळीवर असलेल्याने फोल्डरमध्ये 'नेपाळी' हा शब्द टाकून शोधलं, आणि पहिला आला तो फोटो दोन कॉलमांत लावला. खाली 'संग्रहित छायाचित्र' होतं. नियमाप्रमाणे होतं.

सकाळी अकराला मी कार्यालयात आले तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग होता. पंधरा-वीस जण वर येऊन उभे होते, भिंतीला चिकटून. कोणी काही बोलत नव्हतं. पुढे त्यांच्या नौकेचा तांडेल, म्हणजे नौका चालवणारा प्रमुख, होता, मिरकरवाड्याचा, पन्नाशीचा माणूस. त्याच्या हातात पेपर. मागे लाल रुमालवाला. रुमाल त्या दिवशी डोक्याला नव्हता, हातात पिळलेला होता.

"मॅडम," तांडेल म्हणाला, "हा पोरगा चार हंगाम माझ्याकडं हाय. हा चोर कसा झाला?"

मी त्यांना आत बसवलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, काही जण जमिनीवर बसले. मी फोटोखालची ओळ दाखवली, तिचा अर्थ सांगितला. तांडेलने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा आमच्याच पानाचा तुकडा होता. मथळा होता, फोटो होता. खालची ओळ कोणीतरी कापताना निघून गेली होती. तो तुकडा सकाळी आठच्या आत पश्चिम नेपाळातल्या त्याच्या गावी पोचला होता. मुलगा पहिल्यांदाच बोलला, हिंदीत. "दीदी, मेरी घरवाली ने पढ़ लिया." तिला मराठी येत नाही. पण नेपाळीची लिपी देवनागरीच. मथळ्यातला 'नेपाळी' आणि 'चोरी' तिला वाचता आले आणि त्यांच्याखाली नवऱ्याचं हसणं दिसलं. भाड्याच्या खोलीच्या मालकाने सकाळीच खोली सोडायला सांगितली होती.

माझ्या मनात तेव्हा १८५१ची ती भिंत आली. कापलेला तुकडा, न वाचलेला मजकूर, ज्याच्यासाठी छापलं नव्हतं त्याच्यापर्यंत पोचलेलं चित्र. फरक इतकाच की इथे दुखावलेल्यांकडे संख्या नव्हती, मत नव्हतं, पुढारी नव्हता, त्यांच्या भाषेतला एक कागदसुद्धा या जिल्ह्यात निघत नव्हता. ते दगड मारणार नव्हते. त्यांनी निवेदनही लिहून आणलं नव्हतं, कारण ते कोणाला लिहायचं आणि कसं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि म्हणूनच त्यांना 'बघतो, करतो' म्हणून जिना उतरायला लावणं अगदी सोपं होतं. मोर्चा मोठा असला की पहिल्या पानावर दिलगिरी येते, पंधरा खलाशी आले की सातव्या पानावर चार ओळींचा खुलासा. आमच्या धंद्यातलं हे माप मला कायम खुपत आलं आहे.

वरिष्ठांशी बोलणं झालं तेव्हा तेच मत पडलं: आत कुठेतरी खुलासा देऊ, फोटो परत छापू नये, विषय वाढतो. या मतात तथ्य आहे. दुखावणारं चित्र दुसऱ्यांदा दाखवणं बहुतेक वेळा चूकच. पण त्या मुलाला काय हवं हे कोणी विचारलं नव्हतं. मी बाहेर येऊन विचारलं. त्याला फोटो छापून हवा होता. तोच, हसणारा. नावासकट, आणि वर स्वच्छ लिहिलेलं, की हा या नौकेवर काम करतो आणि याचा त्या गुन्ह्याशी काही संबंध नाही. तो म्हणाला, गावाला आता चेहरा माहीत झालाच आहे, तर चेहऱ्याबरोबर खरं जाऊ दे.

चाचा तेव्हा निवृत्तीला आले होते. ते संपादकांच्या केबिनमध्ये माझ्याबरोबर आले, एवढंच म्हणाले, "ज्या पानावर लागलं, त्याच पानावर. तेवढ्याच मापात." संपादकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, त्याच जागी, दोन कॉलमांत तो फोटो आला. दिलगिरीची ओळ फोटोखाली न टाकता फोटोवरच, चित्राच्या आत बसवली, म्हणजे कोणी कापली तरी ती निघू नये. ही कल्पना पान लावणाऱ्या मुलाची. त्या दिवसापासून 'संग्रहित' हा शब्दही आम्ही फोटोच्या आत घालतो.

दुपारी तांडेलाचा फोन आला. खोलीच्या मालकाने पेपर पाहिला होता, तो नरमला होता. गावी तुकडा पोचला का ते विचारलं, तर म्हणाला, पाठवलाय, पण पयला जेवढा फिरला तेवढा हा फिरत नाय. हे खरंच आहे. दिलगिरी कधीच तेवढी फिरत नाही. म्हणून फोटो लावायच्या आधीची दोन मिनिटं मला फार महत्त्वाची वाटतात. आता गुन्ह्याच्या बातमीला जिवंत माणसाचा जुना फोटो लावायला मी साफ नकार देते. घटनास्थळ नसेल तर जागा मजकुराने भरते. पान दिसायला जड होतं, ते चालतं.

फोटोचं जमलं. मथळ्याचं अजून जमलेलं नाही. संशयित चिपळूणचा असेल तर 'चिपळूणचा तरुण' असतो, आपल्याकडच्या कोणत्या जातीचा हे आपण मथळ्यात घालत नाही. संशयित नेपाळी असला की 'नेपाळी' पहिल्या शब्दात येतो. हा शब्द मथळ्यातून काढा, मजकुरात पोलिसांनी दिलेल्या माहितीत राहू द्या, एवढंच मी गेली काही वर्षं बैठकीत मांडते. समोरून उत्तर येतं की वाचकाला ते कळायला हवं, बागायतदार फोन करून विचारतात. बागायतदार खरंच फोन करतात. त्यांचं नुकसान खोटं नाही, हंगामाचे दोन महिने हातचे गेले तर वर्ष जातं. पण त्यांच्याच बागेत उरलेले दहा नेपाळी त्या रात्री दुसऱ्या कोणाच्या चोरीची लाज घेऊन झोपतात, आणि आम्हाला फोन करायला त्यांच्यातलं कोणी नसतं. मागच्या हंगामात अशा एका बातमीच्या मथळ्यातून मी तो शब्द काढला. पुढच्या आठवड्यात दुसरी आली तेव्हा माझी पाळी नव्हती, आणि शब्द होता तसा छापला गेला. पुढच्या बैठकीच्या विषयांत मी तो पुन्हा घातला आहे.